प्रोस्टेटचे ऑपरेशन : ‘लेसर’ म्हटले म्हणजे झाले काय?

शेतकरी बंधूंनो, छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात आपल्यापैकी कोण आलेले नाही? कोणाची अदालत रोडवर कोर्टाची तारीख असते, कोणाचा वाटणीचा दावा चालू असतो, तर कोणी मोर्चाला आलेला असतो. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याजवळ माणसे जमतात, घोषणा होतात, भाषणे होतात. या गर्दीतून एखादा साठी-पासष्टीचा गडी हळूच बाजूला होताना तुम्ही पाहिला असेल. तासाभरात दोनदा त्याला आडोसा शोधावा लागतो. परत आल्यावर सोबत्याने विचारावे, “कुठं गेला होता तात्या?” आणि तात्यांनी सांगावे, “काही नाही, पान खाऊन आलो.”

पान-बिन काही नसते. लघवीचा त्रास असतो आणि तो सांगायची लाज वाटत असते.

आणि मग एखाद्या रात्री लघवी पुरती अडकते. पोट फुगते, माणूस तळमळतो. गावातून जीप काढून त्याला शहरात आणतात. नळी घालून लघवी मोकळी करतात. दुसऱ्या दिवशी डॉक्टर सांगतात, “प्रोस्टेट वाढलंय, ऑपरेशन करावं लागेल.” लगेच मुलाच्या तोंडी शब्द येतो, “लेसरनंच करा साहेब. पैशाची काळजी करू नका, वेळ आली तर बैलजोडी विकू.”

वाचकहो, आजचा हा लेख त्या मुलासाठी आहे आणि त्या तात्यांसाठीही. लेसर चांगलेच आहे, पण लेसर हे काही एकच यंत्र नव्हे आणि एकच ऑपरेशनही नव्हे. ट्रॅक्टर म्हटले म्हणून नांगरणी, पेरणी आणि मळणी एकच होत नाही, त्यातलाच हा प्रकार. कोणते लेसर, किती मोठ्या गाठीला, कोणाच्या हातून, हे न विचारता बैलजोडी विकायला निघू नये, एवढेच आमचे म्हणणे.

दुखणे काय आहे?

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांना असणारी ग्रंथी. लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी ती असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. तरुणपणी तिचे वजन साधारण २० ग्रॅम, म्हणजे एखाद्या आवळ्याएवढे. चाळिशीनंतर ती वाढू लागते. पन्नाशीच्या घरातल्या जवळपास निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत ही वाढ सापडते, ऐंशीच्या पुढे तर बहुतेकांच्या. मात्र वाढ झालेल्या प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही.

त्रास कसा होतो ते शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. पाटाच्या तोंडाशी गाळ साचला तर बारे भिजायला वेळ लागतो. येथेही तसेच. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, मध्येच तुटते, शेवटी थेंब-थेंब येत राहतात. पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, म्हणून रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. काहींना कळ आली की दम धरवत नाही.

ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, हे आधी मनावर घ्या. पण कर्करोग याच ग्रंथीत वेगळा होऊ शकतो. म्हणून डॉक्टर बोटाने तपासतात आणि रक्ताची पीएसए नावाची तपासणी करायला सांगतात. त्याला नको म्हणू नका.

आणि दुखणे अंगावर काढू नका. पिशवीत लघवी साचून राहिली तर जंतू होतात, खडे होतात आणि दाब मागे जाऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. प्रोस्टेटचे ऑपरेशन एकदा होते. मूत्रपिंडे गेली तर आठवड्याला दोन-तीनदा डायलिसिसच्या वाऱ्या सुरू होतात.

सगळ्यांनाच ऑपरेशन लागते काय?

नाही. त्रास मोजायला डॉक्टरांकडे सात प्रश्नांचा एक तक्ता असतो. त्यात ० ते ३५ गुण असतात. ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम आणि २० च्या पुढे तीव्र. सौम्य त्रासाला बहुधा पथ्य आणि लक्ष ठेवणे पुरते. संध्याकाळनंतर चहा-पाणी बेताने घ्यावे, दारू टाळावी. सर्दी-पडशाच्या काही गोळ्यांनी लघवी एकाएकी अडकू शकते, तेव्हा अशा गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत.

मध्यम त्रासाला औषधे असतात. टॅमसुलोसिनसारखी गोळी ग्रंथीचे स्नायू सैल करते आणि थोड्या दिवसांतच फरक पडतो. फिनास्टेराईड, ड्युटास्टेराईड या गोळ्या गाठ लहान करतात, पण गुण यायला सहा महिने लागू शकतात. या दुसऱ्या गोळ्यांनी पीएसएचा आकडा जवळपास निम्म्यावर येतो. म्हणून तपासणीच्या वेळी आपण कोणती गोळी घेतो ते डॉक्टरांना जरूर सांगा.

औषधाने भागत नसेल, लघवी वारंवार अडकत असेल, जंतू पुनःपुन्हा होत असतील, लघवीतून रक्त थांबत नसेल, पिशवीत खडे झाले असतील किंवा मूत्रपिंडावर ताण दिसत असेल, तर मात्र ऑपरेशन टाळण्यात शहाणपण नाही.

आधी जुनी पद्धत समजून घ्या

लेसरची तुलना कशाशी करायची? तर टीयूआरपी या ऑपरेशनशी. खेड्यात याला ‘दुर्बिणीचे’ किंवा ‘बिनटाक्याचे’ म्हणतात. लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून विजेच्या तारेच्या कडीने गाठीचे पापुद्रे काढायचे, जसे सुतार वाकसाने लाकूड तासतो तसे. १९३० च्या दशकापासून ही पद्धत जगभर चालत आली आहे. साधारण ३० ते ८० ग्रॅमच्या गाठीला ती आजही पक्की मानली जाते.

तिच्यात उणिवा आहेत. रक्त जाते. जुन्या प्रकारच्या यंत्रात मीठ नसलेले पाणी वापरावे लागते. ऑपरेशन लांबले तर ते पाणी रक्तात शिरते आणि अंगातले सोडियम घसरते. म्हणून डॉक्टर साधारण तासाभरात हात आटोपता घेतात. नव्या ‘बायपोलर’ यंत्रात सलाईनचेच पाणी चालते, त्यामुळे हा धोका राहत नाही. तेव्हा टीयूआरपी सुचवली म्हणून आपल्याला जुनाट उपचार मिळाला असे समजू नका. यंत्र बायपोलर आहे का, एवढे विचारा.

फार मोठ्या गाठीसाठी पूर्वी पोट उघडूनच ऑपरेशन करावे लागे. टाके पडत, मुक्काम लांबे, रक्ताच्या बाटल्या लागत. मोठ्या गाठींच्या बाबतीत लेसरचा खरा उपयोग इथेच झाला.

लेसरचे प्रकार किती?

पहिले लेसर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आले, ते निओडिमियम याग. त्याने गाठ आतून शिजवली जाई आणि ती पुढे काही आठवडे झिजून-झिजून बाहेर पडे. तोवर लघवीला आग आणि नळीची अडचण. ही पद्धत मागे पडली. यातून धडा एवढाच की, त्या काळीही फलकावर ‘लेसर’च लिहिलेले होते. नाव एकच, गुण मात्र वेगळा.

आज चालणारे मुख्य प्रकार असे :

पहिला, ग्रीनलाईट. हा हिरव्या रंगाचा किरण रक्तातल्या लाल द्रव्यात शोषला जातो. गाठीची जागच्या जागी वाफ होते आणि रक्तवाहिन्या लगेच बंद होतात. त्यामुळे हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना याचा विचार केला जातो. युरोपातल्या ९ देशांतील २९ केंद्रांत २८१ रुग्णांवर याची टीयूआरपीशी तुलना झाली. २०१४ साली निकाल आला की, सहा महिन्यांनी त्रास कमी होण्यात दोन्ही पद्धती सारख्याच. नळी आणि दवाखान्यातला मुक्काम मात्र ग्रीनलाईटमध्ये कमी. याची उणीव अशी की, गाठीची वाफच झाल्यामुळे तपासायला तुकडा उरत नाही. म्हणून कर्करोगाची शंका आधीच फेडून घ्यावी लागते. फार मोठ्या गाठीला वेळही जास्त लागतो.

दुसरा, होल्मियम. याचा किरण पाण्यात शोषला जातो आणि अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी खोल जातो. त्यामुळे तो कापायला नेमका. याच्यावर आधारलेले ऑपरेशन म्हणजे ‘होलेप’. न्यूझीलंडमधील टौरांगा गावी डॉ. पीटर गिलिंग आणि डॉ. मार्क फ्रॉनडॉर्फर यांनी १९९० च्या दशकात ते घडवले.

हे समजायला आपली मोसंबी घ्या. मोसंबी चमच्याने टोकरून खाता येते आणि साल सोडवून आतला गोळा सबंधही काढता येतो. टीयूआरपी म्हणजे टोकरणे. होलेप म्हणजे साल जागेवर ठेवून आतला गोळा सालीपासून सोडवणे. सोडवलेला गोळा लघवीच्या पिशवीत ढकलतात, तिथे एका यंत्राने त्याचे बारीक तुकडे करतात आणि शोषून बाहेर काढतात. तुकडे तपासायला जातात. गाठ ८० ग्रॅमची असो की १५० ची, पोट उघडावे लागत नाही. गोळा मुळापासून निघाल्यामुळे पुन्हा ऑपरेशनची वेळ क्वचितच येते.

आपल्या देशातला दाखला पाहा. दिल्लीच्या एम्समध्ये ४० ग्रॅमपेक्षा मोठी गाठ असलेल्या १५० रुग्णांचे तीन गट करून तीन पद्धती वापरल्या. त्यांत टीयूआरपी होती आणि होलेपही होती. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. होलेपमध्ये टीयूआरपीपेक्षा रक्त कमी गेले आणि नळी लवकर निघाली. वर्षभरानंतर लघवीची धार मात्र तिन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारलेली होती.

तिसरा, थुलियम. याचा किरणही पाण्यात शोषला जातो. होल्मियमचा किरण ठोक्या-ठोक्याने येतो, तर थुलियम यागचा अखंड चालतो, त्यामुळे तो सफाईने कापतो आणि रक्त थांबवतो. अलीकडे ‘थुलियम फायबर’ लेसरची यंत्रे आपल्याकडे बरीच आली आहेत. मुतखडा आणि प्रोस्टेट दोन्हीला एकच यंत्र चालते, म्हणून दवाखान्यांना ते परवडते. पण इथे एक मेख आहे. थुलियमने होलेपसारखा सबंध गोळाही सोडवता येतो आणि टीयूआरपीसारखे वरवर तासताही येते. ही दोन ऑपरेशने वेगळी आहेत.

हा फरक कागदावरचा नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या सात रुग्णालयांत ४१० पुरुषांवर थुलियमने तासणे आणि टीयूआरपी यांची तुलना झाली. निकाल २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्रास कमी होण्यात दोन्ही सारख्या निघाल्या. मुक्काम आणि गुंतागुंतही सारखीच. धारेचा वेग तर टीयूआरपीतच किंचित चांगला निघाला, सेकंदाला सुमारे २३ मिलिलिटर विरुद्ध २०. म्हणजे लेसर म्हटले की प्रत्येक वेळी फायदा अधिक, असे ठरले नाही.

मग निवड कशी करायची?

थोडक्यात सांगायचे तर असे. गाठ ८० ग्रॅमच्या आत आहे आणि तब्येत ठीक आहे, तर चांगल्या हातची टीयूआरपी पुरेशी आहे. लेसर मिळाले तर नळीचा आणि मुक्कामाचा एखाद-दुसरा दिवस वाचेल. गाठ त्याहून मोठी आहे, तर सबंध गोळा काढणारे होल्मियम किंवा थुलियमचे ऑपरेशन शोधण्यात अर्थ आहे, कारण तिथे पोट फाडणे वाचते. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, तर लेसरचे पारडे जड. मात्र ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका. हृदयाचे डॉक्टर आणि लघवीचे डॉक्टर यांचे आपसात बोलणे होऊ द्या.

यंत्रापेक्षाही मोठी गोष्ट आहे हाताची. नवी तिफण आणली म्हणून कोणाचीही पेरणी सरळ येत नाही. होलेप शिकायला अवघड आहे. मुंबईत डॉ. हेमेंद्र शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६२ रुग्णांचा हिशेब मांडून २००७ साली दाखवले की, सुमारे ५० ऑपरेशने झाल्यावर नव्या डॉक्टरचा हात बसतो. तेव्हा “साहेब, तुम्ही अशी किती केलीत?” हे विचारण्यात अपमान नाही. बी घेताना आपण दुकानदाराला दहा प्रश्न विचारतो. इथे तर आपल्या माणसाचे अंग आहे.

न सांगितले जाणारे परिणाम

दोन गोष्टी लाजेपोटी कोणी बोलत नाही. पहिली, टीयूआरपी असो की होलेप, बहुतेकांचे वीर्य ऑपरेशननंतर बाहेर न येता मागे पिशवीत जाते. ते पुढे लघवीवाटे निघून जाते आणि त्याने प्रकृतीला अपाय नसतो. पण आधी ठाऊक नसले तर माणूस खचतो, घरात वाद होतात. ज्याला अजून मूल हवे आहे त्याने तर हे आधीच सांगितले पाहिजे. दुसरी, गोळा सबंध काढल्यावर काहींना खोकताना, शिंकताना काही आठवडे लघवी गळते. बहुतेकांचे हे व्यायामाने थांबते, थोड्यांचे मात्र राहते.

शिवाय थोडे दिवस आग होते, लघवीला अधूनमधून लाली येते. महिना-दीड महिना ओझे उचलू नये, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल चालवू नये, बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. पेरणीच्या तोंडावर ऑपरेशन करून आठव्या दिवशी औतामागे उभे राहणाऱ्याला पुन्हा रक्त जाऊन दवाखाना गाठावा लागतो. तातडी नसेल तर तारीख हंगाम पाहून घ्या. आणि ग्रंथीची साल शिल्लक असते, म्हणून पीएसएची तपासणी पुढेही डॉक्टर सांगतील तशी करावी.

पैशाचे काय?

येथे गावच्या कारभारी मंडळींचे काम आहे. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आशाताई, आपण सर्वांनी हे ध्यानात ठेवावे. राज्याची आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांसह १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील पांढरे रेशनकार्ड असलेल्या शेतकऱ्यांनाही सातबाऱ्याच्या आधारे तिच्यात घेतले गेले. २०२३ साली शासनाने ती सर्व रेशनकार्डधारकांना खुली करण्याचा आणि संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला.

योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. ऑपरेशनचे पैसे भरण्याआधी त्याला गाठा. “हे ऑपरेशन योजनेत बसतं का? साधं बसतं की लेसरचंही? वरून काही द्यावं लागेल का?” असे स्पष्ट विचारा. १५५३८८ या क्रमांकावरही चौकशी होते. आपल्या घाटीत, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, आधी दाखवून घ्यायला हरकत नाही. खासगीत जायचे तर अंदाजपत्रक लेखी मागा. भूल, लेसरची तार, तुकड्याची तपासणी, खाटेचे दिवस आणि नळी बदलणे, हे सगळे त्यात धरले आहे का, ते वाचून घ्या.

कागदावर लिहून न्यायचे प्रश्न

डॉक्टरांपुढे गेल्यावर निम्मे प्रश्न विसरतात. म्हणून हे सात लिहून खिशात ठेवा :

१. गाठ किती ग्रॅमची आहे? लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते? (सोनोग्राफीत दोन्ही कळते.)
२. धारेचा वेग किती? (सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर चांगला, १० च्या खाली अडथळ्याचा संशय.)
३. पीएसए किती आणि कर्करोगाची शंका फिटली का?
४. औषधाने भागेल का? किती दिवस थांबून पाहता येईल?
५. ऑपरेशन कोणते? तासणार, वाफ करणार की सबंध गोळा काढणार?
६. तुम्ही हे किती केलीत?
७. एकूण खर्च किती आणि योजनेत किती?

या सात प्रश्नांची उत्तरे मिळाली की दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणेही सोपे जाते. कागद आपल्याजवळ असतो, भाषा एक होते.

शेतकरी बंधूंनो, भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. या दुखण्यात ती आजाराचीही बहीण आहे. पुढच्या तारखेला किंवा मोर्चाला क्रांती चौकात आलात आणि तुमचे तात्या पुन्हा गर्दीतून बाजूला झाले, तर हसू नका. परत आल्यावर हळूच विचारा, “तात्या, रातच्याला किती डाव उठावं लागतं?” ते आधी नाहीच म्हणतील. पुन्हा विचारा. आणि जीप काढायची वेळ येण्याआधी, दिवसाउजेडी, एसटीने, हा कागद खिशात घालून त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा. बैलजोडी दावणीला राहू द्या.